बाराला सांगितलेलं जेवण

"ते तर गेले," वेटर म्हणाला. "पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील."

मी अजून आईचा दंड सोडला नव्हता. जिना चढून आम्ही नुकत्याच दारात आलो होतो, आईला धाप लागली होती, आणि समोरच्या भिंतीवरचं घड्याळ एकला पाच कमी दाखवत होतं. एकला पाच कमी! म्हणजे मी वेळेच्या आधी आले होते. माझ्या मते दादा अजून यायचाच होता. एकला येणार, फार तर सव्वाला, शर्टाची एक बाही वर नि एक खाली, "काय हेडमास्तर, चिडलात का?" असं म्हणत. हे हेडमास्तर त्याने सुरू केलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि आता पंचावन्नची आहे. "कोण गेले?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच कळायचं ते कळलं होतं. वेटर पन्नाशीचा होता, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. "तुमचे भाऊच ना? ते म्हणाले होते, एक म्हाताऱ्या बाई येतील आणि एक उंच बाई, उंच बाई घड्याळाकडे बघतच आत शिरेल." मी भिंतीवरून नजर काढली. तो सांगत राहिला. पावणेबाराला आले होते. खिडकीजवळचं टेबल धरून बसले. इथे टेबल राखून ठेवत नाहीत, जो येईल तो बसतो, आणि साडेबारानंतर लोक भिंतीला टेकून उभे राहतात, तरी ते उठले नाहीत, चहावर चहा मागवत राहिले. "आणि ती खुर्ची," वेटरने बोट दाखवलं. चार साध्या खुर्च्यांतली एक बाजूला सारून तिथे हाताची, गादीची खुर्ची ठेवलेली होती. "ती गल्ल्यावरची. मालकांना उठवून मागून घेतली. म्हणाले, माझ्या आईला उठताना धरायला हात लागतात." मालक गल्ल्यामागे स्टुलावर बसून आमच्याकडे रागाने बघत होता.

आई म्हणाली, "बसायचं का गं? पाय गेले माझे."

मी तिला त्या खुर्चीत बसवलं. तिने दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि समाधानाने इकडेतिकडे बघितलं. माझं तोंड मात्र कामावर असतं तसंच चाललं होतं, "पाणी आणा, दोन सूप आणा, आधी पाणी." वेटर गेला नाही. त्याला अजून सांगायचं होतं. माणूस मनाला लागून गेला असावा त्याच्या. "मी त्यांना म्हटलं, येतील हो, रस्त्यात गर्दी असेल. तर ते म्हणाले, नाही, माझी बहीण जन्मात एक मिनिट उशिरा आलेली नाही. ती आली नाही म्हणजे आईने नको म्हटलं असणार. मग फोन लावला त्यांनी. दोनदा लावला. मग बसूनच राहिले. आत्ता उठले. कप उचलायचेत म्हणून मी अजून कोणाला बसू दिलेलं नाही."

दोनदा. बारा वीसला टॅक्सीत फोन वाजला तेव्हा आई माझ्या खांद्याला टेकून दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होती. तिला अजून वाचता येतं, वाचलेलं राहत नाही. मी पडद्यावर दादाचं नाव बघितलं आणि मनात म्हटलं, झालं, आला उशिराचा फोन, बस चुकली असेल, नाहीतर कोणाचं मशीन उघडून बसला असेल. आणि कापला. आईला काही सांगितलेलं नव्हतं, तिच्यासमोर बोलणार काय? दोन मिनिटांनी पुन्हा वाजला, पुन्हा कापला. दुसऱ्यांदा तर मला थोडी गंमतही वाटली, कसा कासावीस झालाय बघा, होऊ दे जरा. देवा रे. तो खिडकीशी, त्या खुर्चीसमोर बसला होता, आणि मी त्याचा आवाज अंगठ्याने दाबून टाकत होते. टॅक्सी कोपऱ्यावरच्या सिग्नलला उभी होती तेव्हाच तो खाली उतरला असणार, आमच्या समोरूनसुद्धा गेला असेल. मी तेव्हा आईच्या स्वेटरचं बटण लावत होते.

माझं कामच वेळा देण्याचं आहे. मोठ्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरची रोजची यादी मी करते, कोणाचं काय, कोणत्या टेबलावर, किती वाजता. यादीवरच्या वेळा खऱ्या नसतात. मोठे सर्जन चाळीस मिनिटं उशिरा येतात म्हणून त्यांना साडेआठ सांगायचं आणि पेशंटला सव्वानऊशिवाय आत घ्यायचं नाही. भूल देणाऱ्या बाईंची दहा मिनिटं. हाडांचे डॉक्टर वेळेवर येतात पण बाहेर फोनवर बोलत उभे राहतात, त्यांची पंधरा. हे कुठे लिहिलेलं नाही, माझ्या डोक्यात असतं, आणि एकवीस वर्षांत माझी यादी कोलमडलेली नाही. बाई आहेत म्हणून थिएटर चालतं, असं सगळे म्हणतात. ऐकायला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण ही विद्या मी इस्पितळात शिकले नाही. दादावर शिकले. घरात सगळे तयार होऊन दारात उभे आणि दादा कोणाचं तरी रेडिओचं बटण बसवतोय, हे रोजचं होतं. बाबा संतापायचे, आई दोघांच्या मध्ये उभी राहायची. मग मी त्याला एक तास आधीची वेळ सांगायला लागले. नऊला निघायचं असेल तर आठ. घरातली भांडणं थांबली. पुढे तो चार तासांवरच्या गावी शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान काढून बसला तरी मी सांगतच राहिले, आणि त्याला ते केव्हाच कळलेलं होतं. एकदा हसत म्हणाला, "हेडमास्तर, तुझे आठ म्हणजे माझे नऊ. मी मनातल्या मनात घड्याळ लावून घेतो." मीही हसले. छान जमलं होतं आमचं. एकाने खोटं बोलायचं, दुसऱ्याने ते खोटं आहे हे धरून चालायचं, आणि दोघं बरोबर वेळेवर भेटायचो.

बाबा गेले त्या सकाळी मी त्याला फोन केला. अकरा वाजता नेणार, म्हटलं. अकरालाच नेणार होते. अशा दिवशी कोण खोटं बोलतं? माझ्या डोक्यातही आलं नाही. मी रडत होते, घरात माणसं जमत होती. तो म्हणाला, "बरं." साडेदहाला पोचणारी बस भरली होती, पुढची पावणेबाराला पोचणारी होती, आणि त्याने माझ्या अकराचे बारा केले. तो आला तेव्हा बाबांना नेऊन पाऊण तास झाला होता. मशीनच्या तेलाने काळी झालेली बोटं त्या दिवशी त्याने घासून लाल केलेली होती. आई दारात उभी होती. "बाप गेला तरी तुला वेळ सापडेना," ती म्हणाली, सगळ्यांसमोर, मोठ्याने. "आता माझ्या वेळेला येऊच नकोस." त्याने आईकडे नाही, माझ्याकडे बघितलं. एवढंच बघितलं. त्याला बोलता आलं असतं, ही नेहमी तास आधीचा सांगते म्हणून. नाही बोलला. मला बोलता आलं असतं. मी कपाटातून चादर काढायला आतल्या खोलीत गेले. चादरीची काही गरज नव्हती. मी तिथे कपाटात तोंड घालून उभी राहिले आणि बाहेर आले तेव्हा तो गेला होता. सात वर्षं झाली. सात वर्षं आई म्हणतेय, थोरल्याला काळीज नाही. मी तिच्या गोळ्या मोजून देते, तिचं अंथरूण घालते, तिच्यासाठी सगळं सगळं करते, आणि हे एक वाक्य मला तिच्यासमोर बोलता आलेलं नाही. वाईट मुलगी नाही मी. भित्री आहे.

गेल्या महिन्यात आईच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, नावं आधी जातात, मग चेहरे. कोणाला भेटवायचं असेल तर लवकर भेटवा. त्याच संध्याकाळी आईने आपण होऊन विचारलं, "थोरला कुठे असतो गं हल्ली? जेवतो का वेळेवर?" रागाचं कारण ती विसरली होती की राग, कोण जाणे. मला वाटलं, हीच संधी. मी दादाला फोन केला. बाहेरच भेटू, बस स्टँडजवळच्या माडीवरच्या हॉटेलात, घरी नको. तो म्हणाला, "आईला विचारलंयस ना? ती हो म्हणाली?" मी म्हटलं, "हो तर! तिनेच बोलवलंय." विचारलं नव्हतं. विचारलं असतं आणि नाही म्हणाली असती तर? हो म्हणाली असती आणि दिवसातून शंभरदा 'कधी जायचं' सुरू झालं असतं तर? म्हटलं, समोरासमोर बसवलं की होईल सगळं आपोआप. "किती वाजता?" त्याने विचारलं आणि माझ्या तोंडून निघालं, बारा. ठरवून नाही. जीभच तशी वळलेली. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, आणि मी काय केलं? खूश झाले. म्हटलं, नेहमीसारखा त्याने तास धरला तर एक, न धरता उशीर केला तरी एक. दोन्ही बाजूंनी पक्कं. तो वेळेवर येईल, हे एवढंच माझ्या यादीत बसलं नाही. या वेळी तरी ही खोटं बोलणार नाही असं त्याला वाटलं असेल. सकाळी लवकरची बस धरली असणार त्याने, पावणेबाराला पोचायला.

"स्टँडवर कुठली बस?" मी वेटरला विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, एक दहाची. घड्याळात एक वाजून दोन मिनिटं. चालत दहा मिनिटं, धावत पाच. मी फोन लावला. नुसता वाजत राहिला. "माझ्या आईजवळ थांबाल का? पाचच मिनिटं." वेटर बिचारा मान हलवतोय तोवर मी जिन्यात होते. अर्धा जिना उतरले असेन. वरून आईचा आवाज आला. मला हाक मारत नव्हती ती. तिच्या आईला हाक मारत होती, जिला जाऊन साठ वर्षं झाली. लहान मुलासारखी, घाबरून, एकसारखी. मी कठडा धरून उभी राहिले. खाली रस्ता दिसत होता, माणसांचे नुसते पाय दिसत होते. पलीकडे स्टँडवर भोंगा वाजला. एक पाऊल खाली टाकलं. वर काहीतरी पडलं, काच फुटली. शिव्या घातल्या मी. कोणाला घातल्या माहीत नाही, आईला, दादाला, त्या जिन्याला. स्वतःला सगळ्यांत जास्त. आणि वर गेले. आईने पाण्याचा ग्लास पाडला होता आणि वेटर खाली बसून काचा वेचत तिला म्हणत होता, "आली बघा, आली तुमची मुलगी." मला बघून आई लगेच शांत झाली. "कुठे उलथली होतीस?" म्हणाली. तिचा जुना आवाज होता तो, खणखणीत, सगळं ठिकाणावर असलेला. तिने खिडकीशी उरलेले तीन चहाचे कप मोजले. "कोण आलं होतं गं?"

या आवाजाशी मी खोटं बोलू शकत नाही. म्हणजे, सात वर्षं बोलतेच आहे, पण त्या क्षणी नाही जमलं. "दादा," मी म्हटलं. "तुला भेटायला आला होता. मी त्याला चुकीची वेळ सांगितली." आणि मग थांबताच येईना. तास आधीच्या वेळा, बाबांचा दिवस, अकराचे बारा, कपाट, चादर. भोवती माणसं जेवत होती, चमचे वाजत होते, सूप आलं होतं आणि त्यावर साय धरत होती. आई एकटक माझ्या तोंडाकडे बघत होती. मधे तिने माझं मनगट धरलं. मला वाटलं मारते आता. मारलं असतं तर बरं झालं असतं. "म्हणजे त्याची चूक नव्हती," ती म्हणाली. "नव्हती." "आणि तू मला बोलू दिलंस त्याला. चार लोकांत." "हो." "आणि तो गप्प राहिला. तुझ्यासाठी." आई मागे टेकली. तिचे डोळे भरले आणि ती पुसायच्या भानगडीत पडली नाही. "अगं, मी काय काय म्हटलं गं त्याला. माझ्या वेळेला येऊ नकोस म्हटलं." तिला आठवत होतं! शब्द न् शब्द आठवत होता. "लाव फोन," आई म्हणाली. "मला त्याच्याशी बोलायचंय. म्हणावं, आईचं चुकलं. लाव आत्ताच्या आत्ता, मग राहायचं नाही माझ्या डोक्यात. मला कळतं हं, मला सगळं कळतं, राहत नाही ते."

मी लावला. वाजला, वाजला, थांबला. पुन्हा लावला. आई टेबलावर दोन्ही हात ठेवून, परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसली होती, ओठ हलत होते, काय बोलायचं ते घोकत होती बहुतेक. तिसऱ्यांदा लावला. चौथ्यांदा. मी मेसेज लिहायला घेतला, 'आई वाट बघतेय, उचल, माझी चूक' एवढं कसंबसं लिहून पाठवलं. वेटर लांबून बघत होता. पाचव्यांदा. उचल रे बाबा, उचल. मी तुझ्या पाया पडते, उचल. आयुष्यात कधी लवकर काही केलं नाहीस आणि आज नेमकं उठून गेलास, दहा मिनिटं बसला असतास तर काय बिघडलं असतं! असंही आलं मनात, राग आला त्याचा, आणि त्या रागाची इतकी लाज वाटली की तोंड वळवून मी रस्त्याकडे बघत बसले. एक वीस झाले. आईने ब्रेडचा तुकडा मोडून सूपात बुडवला. तो विरघळताना ती निरखून बघत होती. "नुसतं पाणीच आहे की," म्हणाली. "मीठसुद्धा मोजून घातलंय मेल्यांनी." मी हसल्यासारखं केलं. "आई, काय सांगायचंय दादाला? आठवतंय ना?" "हो," ती म्हणाली, आणि दुसरा तुकडा बुडवला. एक पंचवीस. बाजूच्या टेबलावरची माणसं उठून गेली, दुसरी आली.

फोन वाजला तेव्हा माझ्या हातातून तो आधी सूपाच्या वाटीत पडला. पुसत पुसतच उचलला. "दादा!" पलीकडे बसचं इंजिन होतं, कोणाचं तरी खोकणं होतं. "दादा, ठेवू नकोस. आई इथेच आहे. आली होती रे ती, मीच तुला बारा सांगितलं, नेहमीसारखं. तिने नको नव्हतं म्हटलं, तिला तर मी विचारलंही नव्हतं. फोन मी कापला, मी. आणि बाबांच्या दिवसाचं तिला सांगितलंय सगळं. आत्ता सांगितलं. तुझी चूक नव्हती म्हणाली ती. तुझ्याशी बोलायचंय तिला, थांब, तीच सांगते." एका दमात एवढं बोलले. पलीकडून एक आवाज आला, माणूस खूप खोलातून श्वास घेतो तसा, आणि दादा म्हणाला, "दे." सात वर्षांत इतक्या घाईने बोललेला तो एकच शब्द.

"आई, दादा आहे. बोल. मगाशी म्हणालीस ना, ते सांग त्याला."

आईने हात पदराला पुसले. फोन दोन्ही हातांनी धरून कानाला लावला. "हॅलो," म्हणाली, अनोळखी माणसासाठी तिचा एक मोठा, अदबशीर आवाज आहे त्यात. "कोण बोलतंय?" मग ऐकत राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, जीव डोळ्यांत आणून. तिच्या कपाळावर आठी पडली, गेली. मान हलायला लागली. "हो... हो का... अगंबाई," ती म्हणाली. "असू दे, असू दे. असं रडू नये हो." मी पुटपुटले, "आई, दादा. दादा आहे तो." तिने हाताने मला गप्प केलं. फार प्रेमाने, फार काळजीने ती फोनमध्ये म्हणाली, "घरी कोणी आहे का तुमच्या? त्यांना घ्या बोलावून. एकटे राहू नका." थोडा वेळ आणखी ऐकलं. मग फोन कानापासून लांब धरून, चष्म्याखालून नीट बघून, तिने लाल बटण दाबलं. ते तिला मीच शिकवलं होतं.

"चुकून लागला होता," ती म्हणाली. "कोणी तरी माणूस आहे बिचारा. आई, आई करून रडत होता गं."

मी फोन घेतला आणि लावला. बंद होता. पुन्हा लावला, बंद. वेटर माझ्याजवळ येऊन उभा राहिला, मग काही न विचारता खिडकीजवळचे तीन कप उचलून घेऊन गेला. आईने तिची वाटी संपवली, माझी वाटी माझ्यापुढे सरकवली.

"जेव ना," आई म्हणाली. "कोणाची वाट बघतेस?"